पुस्तक वाचा, पैसे कमवा? आधी तासांचा हिशोब करू

परवा बी.ए.ची एक मुलगी दुकानात झेरॉक्स काढायला आली. मोबाईल पुढे करून म्हणाली, "सर, पुस्तक वाचून पैसे भेटते म्हणते. खरं आहे का जी?"

खरं आहे, पण कामं जवळपास सगळी इंग्रजीत. उदाहरणार्थ ऑनलाइन बुक क्लब ही परदेशी साइट. एका परीक्षणाला 5 ते 60 डॉलर असा दर सांगते. पहिल्या परीक्षणाला पुस्तक फुकट, पैसे मात्र नाहीत. सगळे 60 चा आकडा बघतात. आपण दुकानदार आहोत, 5 चा धरू.

अडीचशे पानांचं पुस्तक वाचायला सहा तास, नीट लिहायला दोन. डॉलर 85 रुपये धरला तर आठ तासांचे 425. म्हणजे तासाला 53 रुपये. पहिलं फुकटचं पुस्तकही मोजलं, तर सोळा तासांचे तेवढेच 425, तासाला 27 सुद्धा नाही! पेपालची कपात वेगळी, आणि त्याला पॅन कार्ड लागतं. मिरची तोडायला गेलात तर जास्त सुटतील, असं मी तिला हसत हसत म्हटलं. पण वाचायची आवड असेल, इंग्रजी सुधारायचं असेल, तर हे पैसे वाईट नाहीत. घर चालवायला मात्र धरू नका.

आता महत्त्वाचं. टेलिग्रामवर "रिव्ह्यू द्या, रोज कमवा" असे मेसेज येतात. सुरुवातीला शे-दोनशे खरंच खात्यात टाकतात. मग "मोठ्या टास्कसाठी" तुमच्याकडूनच पैसे भरून घेतात. काम देणारा पैसे मागतो तिथेच थांबा. गेले असतील तर लाजू नका, लगेच 1930 वर फोन करा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते.

आणि पैसे वाचण्याचे घ्या, पाच स्टारचे नाही. पैसे घेऊन लिहिलेला रिव्ह्यू अ‍ॅमेझॉनवर चालत नाही, तिथे टाकू नका. पुस्तक कंटाळवाणं असेल तर तसं लिहा, कुठल्या प्रकरणात कंटाळा आला तेही लिहा.

सराव मराठीतूनच करा. मारुती चितमपल्लींचं 'नवेगावबांधचे दिवस' घ्या, आपल्याच तालुक्यातलं आहे. तळं तुम्ही पाहिलेलं, त्यामुळे लेखकाने काय टिपलं आणि काय सुटलं ते तुम्हालाच सांगता येईल. गोष्ट सांगत बसू नका. तीनशे शब्द लिहा आणि दुकानात घेऊन या, सोबत बसून तपासू.