विजेच्या मोटारीचे कुलूप



15 जुलै 2025 रोजी मुंबईत टेस्लाच्या विजेच्या मोटारीचे दालन उघडले. अशी गाडी अमरावती-अकोल्याकडे कोणी आणली, तर कुलपाची रीत ठाऊक असावी, म्हणून आम्ही हे देत आहोत.

1) मोबाईल : ब्लूटूथने गाडीशी जोडतात. वावरात रेंज नसली तरी चालतो. तशी सोय चालू ठेवल्यास आपण दूर गेल्यावर कुलूप आपोआप लागते.

2) कार्ड : चालकाच्या दारामागील खांबाला टेकवावे. नुसते खिशात घेऊन निघालात, तर कुलूप लागत नाही! गाडीत बिलाचे पैसे असतील, तर दार ओढून पाहा.

3) मोबाईलची बॅटरी संपते, कार्डाला ती लागतच नाही. म्हणून कार्ड पाकिटात ठेवावे, गाडीत नव्हे. मोबाईल हरवल्यास गाडीच्या पडद्यावरील यादीतून त्याची किल्ली लगेच काढून टाकावी.