पोतं मागे ओढता येत नाही

बयो, तुझा पोती ढकलायचा खेळ खेळून पाहिला. चांगला झालाय. आता एवढं वाचून नाचायला लागू नकोस, कारण पुढे थोडं टोचेल असं बोलणार आहे, आणि ते ताईकडून ऐकलेलं बरं.

तू विचारलंस, "एवढाच खेळ कोण विकत घेईल? अजून वीस-पंचवीस लेव्हल टाकू का?" टाकू नकोस. आहेत त्यातल्याच निम्म्या काढ. तिसऱ्या, सातव्या आणि अकराव्या लेव्हलला मी पोतं फिरवायची एकच युक्ती केली. भिंती तेवढ्या बदलल्या होत्या. खेळणाऱ्याच्या ते लगेच ध्यानात येतं, मग तो कंटाळतो आणि दोष मात्र खेळाच्या लांबीला देतो.

‘अ गुड स्नोमॅन इज हार्ड टू बिल्ड’ नावाचा एक खेळ आहे, अ‍ॅलन हेझल्डन आणि बेंजामिन डेव्हिस यांचा, 2015 सालचा. तुझ्या फोनवरही चालेल. एका बागेत एक काळंकुट्ट भूत हिंडतं आणि बर्फाचे गोळे ढकलून बाहुले बनवतं. आपल्याला बर्फ माहीत तो मच्छीच्या खोक्यातला नाहीतर गोळेवाल्याचा. तुम्हा पोलादपूरकरांची मजल फार तर घाट चढून वेण्णा तलावाकाठचे हिमकण बघण्यापर्यंत. तरी हा खेळ कुठे अडत नाही. लहान गोळा बर्फावरून ढकलला की मध्यम होतो, मध्यम ढकलला की मोठा. खाली मोठा, त्यावर मध्यम, वर लहान, झाला बाहुला. पण गोळा जिथून गेला तिथला बर्फ संपतो, गवत उरतं, आणि गवतावर गोळा वाढत नाही. नियम एवढेच.

यातली हुशारी कुठे आहे ते नीट बघ. बर्फ दिसायला छान म्हणून घातलेला नाही. जमीन म्हणजेच तुझी शिल्लक, आणि प्रत्येक पावलाला ती खर्च होते. एकेका कोड्याचा वाफा इतका लहान की सगळं एका नजरेत मावतं, तरी दोन गोळे चुकून मोठे झाले की डोकं धरून बसावं लागतं. वाचायचं जवळजवळ काही नाही, त्यामुळे आईच्या हातात फोन दिला तेव्हा मला काही समजवावं लागलं नाही. बाहुला पुरा झाला की त्याला नाव मिळतं आणि भुताला त्याला मिठी मारता येते. आईला कोड्यांपेक्षा मिठ्यांचंच कौतुक जास्त. आणि असे बाहुले तीसेकच.

आता उणं. मधल्या काही वाफ्यांत तुझ्यासारखंच झालंय, म्हणजे युक्ती जुनी आणि मांडणी नवी. दुसरं मला जास्त खटकलं. सगळे बाहुले झाले की खेळ संपला असं वाटतं, पण आत आणखी एक भाग दडलेला आहे आणि तो एकदम कठीण आहे. सापडला नाही तर अर्धा खेळ हातातून गेला, सापडला तर पहिल्या भागात हसतखेळत आलेला माणूस तिथे आपटतो. मधे पायऱ्याच नाहीत. गुपित ठेवायला माझी हरकत नाही, पण माणसाला तिथवर चालत नेलं पाहिजे.

याच्या उलट टोकाला ‘बाबा इज यू’. आर्व्ही तेइकारी या फिनलंडच्या मुलाने 2017 मध्ये एका गेम जॅममध्ये त्याचा पहिला नमुना केला आणि 2019 ला पुरा खेळ बाजारात आणला. त्यात नियमांचे शब्दच ढकलायचे असतात. कल्पना अफाट आहे, मी त्याच्या पाया पडते. पण लेव्हल दोनशेहून जास्त आणि शब्द इंग्रजी. माझा तो अजून पुरा झालेला नाही आणि होईल असं वाटतही नाही. स्नोमॅन मी संपवला. मोठा खेळ म्हणजे चांगला खेळ हे डोक्यातून काढ, असं मी म्हणते ते यामुळे.

या सगळ्यांचं मूळ घर ‘सोकोबान’. जपानच्या हिरोयुकी इमाबायाशींनी 1981 मध्ये तो रचला. गोदामातली खोकी ढकलून ठरल्या जागी न्यायची, ओढता काही येत नाही. पुराच्या भीतीने घाईघाईत कपाट कोपऱ्यात सारलं की मागे हात घालायला जागा उरत नाही, तसं खोकं कोपऱ्यात गेलं की गेलंच. दिसायला पोरखेळ, पण जोसेफ कल्बर्सन यांनी 1997 मध्ये दाखवून दिलं की ही कोडी सर्वसाधारणपणे सोडवणं पीस्पेस-कम्प्लीट आहे, म्हणजे संगणकालाही महाकठीण. लोणेऱ्याला तुमच्या अभ्यासात हा शब्द येईल तेव्हा सर विचारायच्या आधी तूच हात वर कर.

कोपऱ्यात अडकणं ही या खेळांची जान आहे, पण त्याची शिक्षा कडक नको. तू पझलस्क्रिप्टमध्ये केलंस ते उत्तम. स्टीफन लव्हेलने खेळ बनवायचं हे साधन 2013 पासून फुकट खुलं ठेवलंय. त्यात झेड दाबलं की एक पाऊल मागे जाता येतं आणि आर दाबलं की लेव्हल पहिल्यापासून. तू मात्र हा मागे जाण्याचा अनडू मुद्दाम बंद केलास, "चॅलेंज वाढावं म्हणून." आधी तो चालू कर. शेवटच्या पावलाला बोट घसरलं म्हणून चाळीस पावलं पुन्हा चालायला लावणं यात डोक्याचं काम काहीच नाही. नुसतं छळणं आहे ते.

आता तुझ्या खेळातल्या पाण्याबद्दल. जुलै 2021 चा पूर डोक्यात ठेवून तू ते घातलंस हे कळलं मला. सावित्री आणि गांधारीचं पाणी बाजारपेठेत शिरतं तेव्हा काय होतं ते महाडमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. पण तुझ्या खेळात पाणी नुसतं घड्याळ झालंय. अमुक पावलांत आटप, नाहीतर बुडालास. घड्याळ कुठल्याही खेळात असतं. पाण्याला काम दे. भिजलेलं तांदळाचं पोतं एका माणसाला हलत नाही. रिकामं पिंप तरंगतं. आपल्याकडच्या पोराटोरांनाही ठाऊक असलेल्या या दोन गोष्टी, यांचेच नियम कर. पाणी यायच्या आत पोतं हलवायचं आणि पिंप हलवायला मात्र पाण्याचीच वाट बघायची. मग पाणी कधी वैरी, कधी गडी. हे मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेलं नाही आणि महाड-पोलादपूरच्या मुलीला ते जितकं नेमकं जमेल तितकं बाहेरच्या कुणाला जमणार नाही.

एक मात्र ऐकशील. शेवटच्या लेव्हलला तू तळियेचं नाव दिलंयस, ते काढ. त्याच जुलैत तिथे दरडीखाली माणसं गेली, त्यांची घरची माणसं महाड तालुक्यातच राहतात. तुझा हेतू वाईट नाही हे मला माहीत आहे, पण कोड्याच्या डोक्यावर ते नाव शोभत नाही. गोदाम, माळा, पेठ, एवढं पुरे.

राहिला पैशाचा प्रश्न. लहान खेळाची खरी अडचण इथे आहे, ती लपवत नाही. स्टीम या ऑनलाइन दुकानातून विकत घेतलेला खेळ चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर परत करता येतो. म्हणजे दीड तासाचा खेळ कुणी पुरा खेळून, खुशाल पैसे परत मागू शकतो. 2021 मध्ये ‘समर ऑफ ’58’ नावाच्या छोट्या भयखेळाच्या कर्त्याने याच कारणाने खेळ बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं होतं. स्नोमॅनवाल्यांनी किमतीचीही गंमत केली, सुरुवातीला ती लंडनच्या त्या वेळच्या तापमानावर ठेवली होती. आपल्या मे महिन्यात हे परवडायचं नाही! तू पहिला खेळ फुकट सोड. इच.आयओ या साइटवर ठेव आणि ज्याला वाटेल त्याने मर्जीने पैसे द्यावेत असं लिही. विकायचा विचार दुसऱ्या खेळाला करू.

गणपतीत सगळे घरी येतील तेव्हा हा पहिला खेळ आणायचा. आईला, धाकट्या काकांना आणि त्यांच्या शाळकरी पोराला एकेकाला बसवू. तू मागे उभं राहायचं, वही हातात, तोंड बंद. "अगं काकू, ते आधी डावीकडे" असं एकदाही म्हणायचं नाही. कोण कुठे थांबलं, कुणी चारदा तेच ढकललं, कोण वैतागून मोदक खायला उठलं, एवढंच लिहायचं. आणि काका पहिल्याच लेव्हलला अडकले तर हसायचं नाही, ती लेव्हल दुरुस्त करायची.