बालगीतांच्या मध्येच रमी

प्रश्न : नातवाला मोबाइलवर बालगीतं लावून देते, तर मध्येच रमीची नाहीतर डेटिंग ॲपची जाहिरात येते. काय करावं?

उत्तर : आजी, यूट्यूबवरचा व्हिडिओ ‘मुलांसाठी’ म्हणून नोंदवलेला नसेल, तर जाहिरात खातेदाराकडे बघून येते. फोन तुमचा, म्हणजे प्रेक्षकही तुम्हीच! गूगल खात्याच्या ‘माय ॲड सेंटर’मध्ये जुगार, मद्य, डेटिंग यांच्या जाहिराती कमी करता येतात; कमीच, बंद नव्हे. नातवाला ‘यूट्यूब किड्स’ लावून देणं बरं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांची जाहिरात करायला तर २०२५च्या केंद्रीय कायद्यात मनाईच आहे. तशी दिसली की आधी स्क्रीनशॉट काढा, मग जाहिरातीलगतच्या मेनूतून तक्रार नोंदवा. मुंबईच्या ‘ॲस्की’ या जाहिरात मानक परिषदेकडेही ऑनलाइन तक्रार करता येते.