मी विचारूनच ऑइल घेतलं होतं

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मी न विचारता ऑइल आणलं नव्हतं. अलिबागच्या बाजारातल्या त्या दुकानात नीट सांगितलं होतं, ‘हवेच्या कॉम्प्रेसरला पाहिजे. एक एचपीचा, बेल्टवाला, ५० लिटरची टाकी.’ दुकानदाराने फळीवरचा २०डब्ल्यू-४० चा डबा काढून पुढे सरकवला. ‘काका, हेच घाला, सगळे हेच नेतात.’ मी पुन्हा विचारलं, ‘हे मोटारसायकलचं ना?’ तर म्हणाला, ‘ऑइल ते ऑइल. पिस्टन दोन्हीकडे असतोच की.’ बिल अजून माझ्याकडे आहे.

मांडव्यात खाऱ्या हवेने गेट आणि खिडक्यांचे गज दरवर्षी रंगवावे लागतात, त्यासाठी कॉम्प्रेसर घेतला. उन्हाळा संपेपर्यंत तो बरा चालला. पावसाळ्यात बारीकसारीक कामं असायची. टायरमध्ये हवा भरायची, पाच मिनिटांत मशीन बंद. मग गणपतीच्या दोन आठवडे आधी देवघराचे दरवाजे पडवीत काढले आणि स्प्रे हातात घेतला. एरवी सहा मिनिटांत आठ किलो हवा भरायची, त्या दिवशी अकरा मिनिटं लागली. पहिला हात मारला तो बघता बघता खळग्यांनी भरला. तेलाच्या थेंबावरून रंग बाजूला सरकतो, तसे बारीक गोल डोळे. पुसून पुन्हा मारला, पुन्हा तेच.

तेव्हा वाकून ऑइलच्या काचेत बघितलं. मधला लाल ठिपका दिसेना. काचेमागे दूध जास्त झालेल्या चहासारखं काहीतरी होतं. त्या क्षणी मला तो डबा आठवला आणि पोटात खड्डा पडला.

चोंढीहून मेकॅनिकला बोलावलं. त्याने हेड उघडलं, व्हॉल्व्ह प्लेट काढून माझ्या हातात दिली. घावन करपून तव्याला चिकटावं तसा काळा थर, स्क्रू ड्रायव्हरने खरवडला की कपच्या उडत होत्या. एका पातीखाली कपची अडकल्यामुळे ती बसतच नव्हती. दाबलेली हवा परत सिलिंडरमध्ये येत होती. त्याने एवढंच विचारलं, ‘काका, यात इंजिनचं ऑइल घातलं होतंत ना?’

का होतं हे, ते त्याच्याकडून आणि नंतर वाचून समजलं. इंजिन ऑइलमध्ये डिटर्जंट असतं. काजळी आणि पाणी तळाला बसू न देता तेलातच धरून ठेवणं हे त्याचं काम. इंजिन तापलं की पाणी उडून जातं, आणि ते तेल गाळायला फिल्टरही असतो. घरच्या कॉम्प्रेसरला ऑइल फिल्टर नसतो आणि पाच मिनिटांत तो तापतही नाही. आमच्याकडच्या दमट हवेतलं पाणी तेलात घुसळलं जातं. कॉम्प्रेसर ऑइल पाणी सोडून देतं, ते तळाशी बसतं, काढता येतं. शिवाय जास्त वेळ चालवलं की सुटणारी हवा दीडशे अंशांच्या पुढे जाते. रिंगांमधून वर आलेलं इंजिन ऑइल तिथे करपतं, त्यात मिसळलेल्या रसायनांची राख व्हॉल्व्हवर बसते.

ती प्लेट वर्तमानपत्रात गुंडाळून मी दुकानात गेलो. त्याने पुडी उघडूनसुद्धा बघितली नाही. ‘तुमच्याकडे खारी हवा, टाकीतलं पाणी सोडत नसाल.’ मी रोज सोडतो. सांगितलं, तर त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवलं. पैसे मी मागायला गेलो नव्हतो. चुकीचं दिलं, एवढं म्हणाला असता तरी मी गप्प परत आलो असतो.

मग योग्य ऑइल आणायला मुंबईला गेलो. गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद, म्हणून रो-रो बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरून नागदेवीचा बाजार गाठला. तिथल्या माणसाने डबा काढण्याआधी तीन प्रश्न विचारले. पिस्टनचा की स्क्रूचा? सिंगल स्टेज की डबल? रोज किती तास चालतो? माहीत असणारा माणूस आधी विचारतो.

आता तुमच्यासाठी. मशीनच्या पुस्तिकेत लिहिलंय तेच ऑइल घ्या. पुस्तिका हरवली असेल तर कंपनीला फोन करून विचारा. बहुतेक छोट्या पिस्टन कॉम्प्रेसरना आयएसओ व्हीजी १०० चालतं, म्हणजे साधारण एसएई ३०. काहींना ६८ किंवा १५० लागतं. हा आकडा ४० अंशांना तेल किती दाट असतं त्याचा. डब्यावर ‘कॉम्प्रेसर ऑइल’ असं छापलेलं हवं. हायड्रॉलिकचं ६८ पुढे करतील, घेऊ नका. दाटपणा जुळला तरी त्यात मिसळलेली रसायनं वेगळ्या कामाची असतात. स्क्रू कॉम्प्रेसरचं ४६ सुद्धा नको. तुमचं मशीन ऑइल-फ्री असेल तर त्यात काहीच घालायचं नसतं.

चुकीचं तेल गेलंच असेल तर एकदा काढून भागत नाही. विजेचा प्लग काढा, टाकीतली हवा सोडा, तेल कोमट असतानाच काढून टाका. योग्य तेल भरून अर्धा तास चालवा, तेही काढा, मग पुन्हा भरा. पातळी लाल ठिपक्याच्या मध्यापर्यंतच ठेवा, जास्त झालेलं तेल हवेबरोबर रंगात येतं. नव्या मशीनचं पहिलं तेल लवकर बदलायचं असतं, किती तासांनी ते पुस्तिकेत असतं. पुढे समुद्रकाठी राहणाऱ्यांनी नुसते तास मोजत बसू नये. पावसाआधी एकदा आणि पावसानंतर एकदा बदलावं. पावसाळ्यात छोटं काम झालं तरी टाकीचा कॉक थोडा उघडा ठेवून वीस मिनिटं चालू द्या, म्हणजे मशीन तापून आतलं पाणी उडेल. काढलेलं तेल वाडीत ओतू नका, गॅरेजवाल्याला द्या.

आणि बिलावर ‘कॉम्प्रेसरसाठी’ असं लिहून घ्या. माझ्या बिलावर नुसतं ‘ऑइल १ लि.’ आहे, त्याच्या जोरावर मला काहीच म्हणता आलं नाही.

गेल्या आठवड्यात शेजारचा मुलगा त्याच दुकानातून तसाच डबा घेऊन आला. त्याच्याही नव्या कॉम्प्रेसरसाठीच. मी त्याला पडवीत नेऊन ती जुनी प्लेट हातात दिली. डबा त्याने फोडलाच नाही.