घरच्या घरीं ध्वनिमुद्रण

गाणें मुद्रित करण्याचें साधन आज आपल्या गारगोटीसारख्या गांवींहि घरोघर आलें आहे. प्रत्येकाच्या खिशांतील फोनमध्यें बऱ्यापैकीं माईक असतो. असें असतां एखाद्या भजनी मंडळाचें मुद्रण ऐकावयास बसलें, कीं पहिल्या मिनिटांतच टाळांचा कल्लोळ कानावर आदळतो व अभंगाचे शब्द कोठें गेले याचा पत्ता लागत नाहीं. मुलें म्हणतात, "सर, चांगला माईक घ्यायला पाहिजे." या लेखांत असें दाखवावयाचें आहे कीं, दोष बहुधा माईकचा नसून अंतराचा असतो. ज्यास हल्लीं मिक्सिंग म्हणतात, त्या नादांच्या मेळवणीचा मोठा भाग संगणकास हात लावण्यापूर्वींच, कोण कोठें बसला यावर ठरून जातो.

याचें उत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्यांत घडलें आहे. १९२९ सालीं कोल्हापुरांत प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली, व १९३२ सालीं तिनें 'अयोध्येचा राजा' हा मराठींतील पहिला बोलपट काढला. संगीत गोविंदराव टेंबे यांचें, आणि हरिश्चंद्राची भूमिकाहि त्यांचीच; तारामती दुर्गा खोटे यांची. पुढें रूढ झालेली पार्श्वगायनाची सोय तेव्हां नव्हती. त्या काळच्या बोलपटांत नट कॅमेऱ्यासमोर स्वतः गात, वादक चित्राच्या चौकटीबाहेर बसत, आणि सारें एकाच वेळीं मुद्रित होई. मागाहून पेटी कमी करूं, गळा वर काढूं, अशी मुभा नव्हती. वादकांस जवळ अगर दूर बसविणें, हीच त्या वेळची मेळवणी.

त्याहीपूर्वीं, १९०२ सालीं फ्रेड गैसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीतर्फे कलकत्त्यास आला व त्यानें गौहरजान यांचें गाणें मुद्रित केलें, तेव्हां तर माईकहि नव्हता. विजेच्या माईकनें तबकड्या निघूं लागल्या त्या १९२५ पासून. तोंवर मोठ्या कर्ण्यांत तोंड घालून गावें लागे. तार स्वर आला कीं गवई मान मागें घेई, खर्ज आला कीं पुढें येई. आजचा मुलगा पडद्यावरची पट्टी बोटानें वरखालीं सरकवितो. तें काम त्या गवयाची मान करीत असे.

यामागील शास्त्र सोपें आहे. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट केलें म्हणजे ध्वनीची तीव्रता चौथाईवर येते. मापाच्या भाषेंत ती ६ डेसिबलनें घटते. तेव्हां एकच माईक असेल तर मुख्य गायकानें त्यापासून दीड-दोन विती अंतरावर बसावें. पेटी तीन हातांवर, पखवाज अगर तबला चार-पांच हातांवर, आणि टाळकरी सर्वांत मागें, शक्य तर दाराशीं. टाळाचा आवाज बारीक व धारदार असतो. तो थोडासाहि पुढें आला कीं 'स', 'श', 'च' हीं अक्षरें त्याखालीं गडप होतात. टाळकऱ्यांस याचा थोडा राग येतो, पण इलाज नाहीं. अशी मांडणी करून एक मिनिट मुद्रित करावें, सर्वांनीं ऐकावें, आणि जागा बदलून पुन्हां पाहावें. तीन-चार फेऱ्यांत जें साधतें तें नंतर संगणकावर रात्र जागूनहि साधत नाहीं; कारण एकदां एकाच माईकमध्यें मिसळलेले टाळ आणि शब्द पुन्हां स्वच्छ निराळे करणें फार अवघड आहे. हल्लीं कृत्रिम बुद्धीच्या साहाय्यानें गळा व वाद्यें अलग करणारीं साधनें निघालीं आहेत, परंतु टाळांच्या गर्दींतून निघालेला आवाज बहुधा पाण्याखालून आल्यासारखा लागतो.

गायकानें माईकच्या फारच जवळ जाऊं नये. बाजारांत मिळणाऱ्या पुष्कळ माईकमध्यें असा गुण असतो कीं, तोंड अगदीं जवळ आलें म्हणजे आवाजांतील खर्ज फुगतो. शिवाय 'प', 'फ', 'भ' उच्चारतांना निघणारा वारा माईकवर फट्कन आपटतो. यासाठीं माईक तोंडासमोर न धरतां किंचित् बाजूस ठेवावा. अशा माईकची पाठ बरीचशी बहिरी असते. तेव्हां रस्ता, पंखा किंवा शेजाऱ्याचा दूरदर्शन-संच ज्या दिशेस असेल तिकडे ती करावी. फोन वापरावयाचा असल्यास खालच्या कडेचें बारीक छिद्र हाच बहुधा त्याचा मुख्य कान असतो. त्यावर बोट किंवा वेष्टण येऊं देऊं नये, आणि मध्येंच कोणाचा फोन येऊं नये म्हणून विमानाचें चिन्ह दाबून ठेवावें.

खोलीची परीक्षा टाळी वाजवून करावी. नव्या फरशीच्या रिकाम्या खोलींत टाळी खणखणते. तोच खणखणाट गाण्यावर चढतो आणि कोणत्याहि युक्तीनें पुरता उतरत नाहीं. ज्या खोलींत अंथरुणांची चळत, धान्याचीं पोतीं व दोरीवरचे कपडे आहेत, ती दिसावयास गबाळी असली तरी ऐकावयास बरी. गायकाच्या पाठीमागें दोरीवर दोन जाड वाकळा टाकल्या तर मोठाच फरक पडतो. पावसाळ्यांत मात्र पत्र्याखालीं बसूंच नये. आपल्या भुदरगडच्या पावसापुढें कोणाचा गळा चालत नाहीं.

आतां पातळीविषयीं. मुद्रणाची पट्टी लाल रंगास लागली म्हणजे ध्वनीच्या लाटेचा माथा कापला जातो. असा कापलेला माथा मागाहून नीटसा जोडतां येत नाहीं. म्हणून सर्वांत उंच स्वर गावयास लावून पट्टी उणें १२ ते उणें ६ डेसिबलच्या दरम्यान राहील अशी योजना करावी. आवाज लहान आला तर तो मागाहून वाढवितां येतो. मुद्रण वेव्ह प्रकारांत, सेकंदास ४४,१०० किंवा ४८,००० नमुन्यांच्या वेगानें व मिळत असल्यास २४ बिटांवर करावें. एमपी३ ही पाठविण्यापुरती प्रत; मूळ नव्हे.

संगणकावरील कामाविषयीं थोडकेंच सांगतों. ऑडॅसिटी ही आज्ञावली २००० सालापासून विनामूल्य मिळते व शाळकरी मुलांस ती पुरेशी आहे. प्रथम गळ्याच्या पट्ट्यांतील सुमारें ८० हर्ट्झखालची घरघर काढून टाकावी. मग सर्व वाद्यें बंद करून गळा ऐकावा, आणि एकेक वाद्य शब्द झांकले जाणार नाहींत इतकेंच वर आणावें. एखादा सूर बोचत असेल तर दुसरे वाढविण्याऐवजीं तोच कमी करावा. घुमारा मिठासारखा घालावा. दोन बाजूंच्या स्टिरिओची फार हौस बाळगूं नये. कोल्हापूर दरबारचे गवई अल्लादियाखां यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळांत गेली; ती जुन्या, एकाच मार्गाच्या तबकडीवरील साडेतीन मिनिटांची आहे.

सर्वांत निकडीचें मुद्रण मात्र भजनाचें नव्हे, तें घरांतील वृद्ध स्त्रियांच्या ओव्यांचें. गिरण्या आल्यावर जातीं थांबलीं, आणि ओव्या ज्यांच्या तोंडीं आहेत त्या आज्या दरसाल कमी होत आहेत. पुण्याच्या हेमा राईरकर व गी प्वातवां यांनीं हजाराहून अधिक गांवांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांतील कित्येकींचें ध्वनिमुद्रणहि झालें आहे. तरीहि तुमच्या आजीची ओवी त्यांत असेलच असें नाहीं.

जात्यावरची ओवी मुद्रित करणें कठीण असतें. दगडाची घरघर गळ्याहून मोठी, आणि दळणारी बाई पुढें-मागें झुलत असल्यानें तोंडाचें अंतर सारखें बदलतें. माईक जमिनीवर ठेवूं नये, कारण जात्याचा हादरा जमिनींतून थेट त्यांत शिरतो. स्टुलावर वाकळेची घडी घालून, छातीच्या उंचीवर, तोंडाकडे वळवून ठेवावा. घरघर पूर्णपणें पुसूं नये. ओवीचा ठेका त्या दगडाच्या फेऱ्यांवरच बसलेला असतो, आणि तो गेला कीं ओवी पोरकी वाटते. एकदां जात्यासह व एकदां नुसती, अशा दोन प्रती घ्याव्या. शब्द उतरून घेण्यास दुसरी उपयोगी पडते. आजी मध्येंच थांबली, खोकली, अगर "ही माझ्या आईची," असें म्हणाली तर तें कापूं नये.

मुद्रण कोणाकोणास ऐकवावयाचें तें तिला आधीं विचारावें. प्रारंभीं तिचें नांव, माहेर, सासर व तारीख तिच्याच तोंडून वदवून घ्यावी, आणि मूळ फाईल त्याच सायंकाळीं फोनखेरीज आणखी दोन ठिकाणीं उतरून ठेवावी.