बोकड्या यायच्या आधी

मिरचीची पानं आकसली की आमच्या पूर्णा गावात पहिली धाव कृषी सेवा केंद्राकडे असते. एक बाटली येते, फवारणी होते, आठवड्याने दुसरी बाटली. पण विषाणूने धरलेल्या झाडाला बरं करणारं औषधच नाही. जे करायचं ते रोप वाफ्यात असतानाच, हे मला अनुभवाने कळलंय.

भिवंडीच्या या पट्ट्यात आता गोदामांच्या मधल्या तुकड्यांतच शेती उरली आहे. भात निघालं की त्यावर वाल, थोडी भाजी, थोडी मिरची. एका वर्षी मिरचीची रोपं तयार आणली होती. उघड्यावर वाढवलेली, पण दिसायला टवटवीत. लावणीनंतर जी पहिली पालवी फुटली तीच चुरगळलेली. कडा वर वळलेल्या, शिरा जाड, शिरांमधला भाग पिवळट. पेरं आखूड होत गेली, झाडं खुजी आणि झुबकेदार झाली, फुलं गळाली. ज्या मिरच्या धरल्या त्या लहान, वेड्यावाकड्या. हाच विषाणूचा बोकड्या रोग. लक्षणं दिसायला वेळ लागतो, त्यामुळे रोप हिरवंगार दिसलं तरी आत रोग असू शकतो. सासूबाई म्हणाल्या, "उपट गो, शेजारच्यांची तरी वाचंल." ते योग्यच होतं. आजारी झाड शेतात उभं ठेवणं म्हणजे हा रोग पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीला त्याचा साठा पुरवणं.

मात्र वळलेलं प्रत्येक पान विषाणूचं नसतं. उपटण्याआधी पान पालथं करून नीट बघा. फुलकिड्यांनीही पान वर वळतं, पण त्यावर खरवडल्यासारखे चंदेरी-तपकिरी चट्टे असतात. शेंडा पांढऱ्या कागदावर झटकला तर बारीक किडे पळताना दिसतात. कोळ्यांमुळे पान उलट्या होडीसारखं खाली वळतं आणि देठ लांबतो. कोळी हा कीटक नव्हे. त्याला गंधकासारखं कोळीनाशक लागतं. पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं सारखी मारली तर कोळी उलट वाढतो. या दोन्ही किडी वेळेवर आवरल्या तर झाड पुन्हा चांगली पालवी धरतं. विषाणूच्या झाडाबाबत ती आशा धरू नका.

विषाणूही एकच नाही. बोकड्याचा विषाणू पांढरी माशी पसरवते. रोगट झाडाचा रस शोषला की ती बराच काळ, बहुधा मरेपर्यंत, तो वाहत राहते. मोझॅकचा, म्हणजे पानावर हिरवे-पिवळे डाग पाडणारा काकडी मोझॅक विषाणू मावा नेतो, आणि त्याला काही सेकंदांचा डंख पुरतो. औषधाने मावा मरेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं. तंबाखू मोझॅकला तर किडा लागतच नाही. बियाणं, विळा आणि माणसाचा हात पुरतो. तंबाखू मळलेल्या हाताने रोपं हाताळू देऊ नका, आधी साबणाने हात धुवायला लावा. गड्यांना राग येतो, येऊ द्या.

पाकिटावर 'विषाणू प्रतिकारक' छापलेलं असतं, तेव्हा 'कोणत्या विषाणूला?' हे विचारायलाच हवं. ढोबळी मिरचीतली तंबाखू मोझॅकच्या गटाला रोखणारी जनुकं बोकड्यापुढे काही कामाची नाहीत. शिवाय प्रतिकारक आणि सहनशील यांतही फरक आहे. सहनशील वाणात विषाणू शिरतो, वाढतोही. झाड फक्त त्यातूनही उत्पन्न देतं. म्हणजे तुमचं भागतं, पण शेजारच्या साध्या ज्वाला वाणाच्या मिरचीला धोका राहतोच. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने बोकड्याला तोंड देणारे अर्का तेजस्वी, अर्का यशस्वी असे संकर काढले आहेत. चौकशी करण्यासारखे आहेत. तरीही वाणावर सगळा भार टाकू नये. बोकड्याच्या विषाणूसोबत अनेकदा एक छोटा उपग्रह-रेणू असतो, तो झाडाची स्वतःची संरक्षणव्यवस्थाच दाबून टाकतो. 2004 च्या डिसेंबरात जोधपूरजवळच्या नारवा आणि तिंवरी गावांत मिरचीवर या रोगाची मोठी साथ आली, तेव्हाही विषाणूसोबत असा उपग्रह सापडला होता.

आता रोपं आम्ही घरीच करतो, चाळीस-पन्नास मेशच्या नायलॉन जाळीखाली, आणि जाळीच्या कडा मातीत गाडतो. लावणीच्या दोन-तीन आठवडे आधी शेताभोवती मक्याच्या दोन-तीन दाट ओळी पेरतो, म्हणजे माशी आधी तिथे अडते. चंदेरी मल्चिंगमुळेही तिचं उतरणं कमी होतं. पिवळे चिकट सापळे माशी मारून संपवतात असं समजू नका, ते ती आल्याची वर्दी देतात. जुनी टोमॅटोची झाडं आणि बांधावरचं ओसाडीचं तण लावणीआधी काढा. पहिला दीड महिना रोज सकाळी एक फेरी मारा. बोकड्याचं झाड दिसलं तर ते हलवण्याआधी त्यावर प्लास्टिकची पिशवी चढवा, मग मुळासकट उपटा. नाहीतर झटक्यासरशी माशा उडून पुढच्या सरीवर बसतात.