स्पष्ट चित्राचे गणित

संत्र्यांचा हंगाम आटोपला की काटोल भागातील पुष्कळ घरी नवा दूरचित्रवाणी संच घेण्याचा विचार निघतो. दुकानात 'एचडी रेडी', 'फुल एचडी', 'फोर-के' अशी नावे कानांवर पडतात. जितका आकडा मोठा तितके चित्र उत्तम, असे समजून वडील माणसे कष्टाचे पैसे अधिक मोजण्यास तयार होतात आणि घरातील शिकणाऱ्या मुलास विचारतात, "ह्याचा अर्थ काय रे?" विद्यार्थिमित्रहो, ह्या प्रश्नाचे उत्तर तुम्हांस देता यावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम अंगणातील ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांपुढे आणा. हातभर जागेत पंधरा ओळी ठिपके मांडले तर मोर कसाबसा ओळखू येईल. तेवढ्याच जागेत दीडशे ओळी मांडल्या तर त्याच्या पिसाऱ्यातील डोळेही काढता येतील. दूरचित्रवाणीचे चित्र असेच बिंदूंच्या ओळींचे बनलेले असते. ह्या बिंदूस पिक्सेल म्हणतात. जागा तीच राहून ओळी व बिंदू वाढले म्हणजे चित्राची सूक्ष्मता वाढते. हिलाच 'डेफिनिशन' असे नाव आहे.

'हाय डेफिनिशन' हे विशेषण मात्र सापेक्ष आहे. जॉन लोगी बेअर्ड ह्याने १९२६ साली लंडनमध्ये जे चित्र दाखविले, ते अवघ्या ३० ओळींचे होते. १९३५ साली ब्रिटिश सरकारच्या समितीने २४० अगर अधिक ओळींच्या चित्रास 'हाय डेफिनिशन' म्हटले, आणि २ नोव्हेंबर १९३६ पासून बीबीसीने ४०५ ओळींचे चित्र ह्याच गौरवाने प्रक्षेपित केले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा चित्र ६२५ ओळींचे होते व त्यांपैकी सुमारे ५७६ प्रत्यक्ष दिसत. काल जे उच्च होते, ते आज सामान्य ठरले आहे.

आता आजचे आकडे पाहू. सामान्य चित्र ७२० × ५७६, म्हणजे ४,१४,७२० बिंदूंचे असते. एचडीचा पहिला प्रकार १२८० × ७२०, म्हणजे ९,२१,६०० बिंदूंचा. दुसरा, ज्यास 'फुल एचडी' म्हणतात, १९२० × १०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदूंचा आहे. 'फोर-के'मध्ये ३८४० × २१६०, म्हणजे ८२,९४,४०० बिंदू येतात. 'एचडी रेडी' संचाचा पडदा बहुधा १३६६ × ७६८ असतो. तो फुल एचडी नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

आकड्यापुढे कधी 'आय' तर कधी 'पी' हे अक्षर असते. कपाशीचे निंदण दोघांनी वाटून घ्यावे, एकाने विषम ओळी धराव्या व दुसऱ्याने सम, तसा 'आय'चा प्रकार आहे. एका खेपेस विषम ओळी व पुढच्या खेपेस सम ओळी पाठवितात. सेकंदास अशा ५० खेपा होतात. 'पी'मध्ये सर्व ओळी एकाच खेपेस येतात. २०१६ साली 'स्टार प्रवाह', 'कलर्स मराठी' व 'झी मराठी' ह्या वाहिन्या एचडी रूपात आल्या. भारतातील बहुतेक एचडी वाहिन्यांचा प्रकार १०८० 'आय' हा होय.

परंतु बिंदूंची संख्या म्हणजे चित्राची सर्व गुणवत्ता नव्हे. चित्र आपल्यापर्यंत येईतो त्यास अनेक हातांतून जावे लागते. २०,७३,६०० बिंदू, प्रत्येकाच्या रंगास २४ बिट आणि सेकंदास २५ पूर्ण चित्रे, असा गुणाकार करून पाहा. उत्तर सेकंदास सुमारे १२४ कोटी बिट येईल. एका वाहिनीच्या वाट्यास मात्र पुष्कळदा एक कोटीच्या आतबाहेरच जागा येते. म्हणून चित्राचा संक्षेप करावा लागतो. जो भाग बदलला नाही तो पुन्हा पाठवीत नाहीत. वृत्तनिवेदक स्थिर बसलेला असतो तोवर हे निभावते. पण धबधबा किंवा क्रिकेटच्या मैदानावरील गर्दी दिसू लागली की जागा अपुरी पडते आणि चौकोनी ठिगळे उमटतात. हा दोष संचाचा नव्हे, संक्षेपाचा होय.

केबलचे प्रक्षेपण अंकीय करण्यासाठी नागपुरास ३१ मार्च २०१३ व काटोलसारख्या नगरपालिकांच्या गावांस ३१ डिसेंबर २०१५ ही मुदत ठरली होती. पुष्कळांना वाटले की, अंकीय झाले म्हणजे एचडी झाले. तसे नाही. अंकीय चित्र सामान्यही असू शकते. एचडीसाठी वाहिनी एचडी, सेट-टॉप बॉक्स एचडी व पडदाही एचडी, असे तिन्ही लागतात. ह्यांपैकी एक जरी उणा असला, तरी आडात नाही ते पोहऱ्यात येणार नाही. संच सामान्य चित्र ताणून पडदा भरील; पण मुळात नसलेला तपशील तो निर्माण करू शकत नाही.

उलट जुन्या आडातही कधी भरपूर पाणी असते. प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' हा बोलपट बीबीसीच्या त्या प्रक्षेपणाच्याच वर्षी, १९३६ साली, पडद्यावर आला. तो ३५ मिलिमीटरच्या फितीवर घेतलेला होता, आणि अशा फितीवर तपशील विपुल असतो. फीत सुस्थितीत असेल, तर तिच्यापासून आजही उत्तम एचडी चित्र काढता येते. त्यानंतर पन्नास वर्षांनी व्हिडिओ फितीवर घेतलेल्या मालिकेस मात्र ५७६ ओळींची मर्यादा कायमची पडली.

शेवटचा हात आपल्याच डोळ्यांचा. हा प्रयोग घरी करावा. कागदावर एक मिलिमीटर रुंदीचे काळे व पांढरे पट्टे आळीपाळीने काढा, कागद भिंतीस लावा व मागे सरका. निरोगी डोळ्यास सुमारे साडेतीन मीटरवर, म्हणजे अकरा फुटांच्या आसपास, पट्टे एकजीव होऊन करडे दिसतील. आता ४३ इंची संच घ्या. त्याच्या पडद्याची उंची सुमारे ५३ सेंटिमीटर. फुल एचडीची एक ओळ अर्ध्या मिलिमीटरची झाली. ती साडेपाच फुटांपलीकडे वेगळी दिसत नाही. फोर-केची ओळ पाव मिलिमीटरची. ती पाहण्यास तीन फुटांच्या आत बसावे लागेल. दहा फुटांवर खाट टाकून पाहणाऱ्या कुटुंबाने त्याच आकाराच्या संचावर केवळ ओळींसाठी अधिक पैसे दिले, तर ते पैसे डोळ्यांस दिसणार नाहीत. रंग, उजेड व काळ्या छटा उत्तम असतील, तर गोष्ट निराळी. पण ती आकड्यावरून कळत नाही, डोळ्यांनी पाहूनच ठरवावी लागते.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी घरी टेप घेऊन बसण्याची जागा व भिंत ह्यांतील अंतर मोजा. आपल्या आवडीच्या वाहिन्या कोणत्या रूपात येतात, ते केबलवाल्यास विचारा. मग वडिलांस हिशेब करून दाखवा. गणित शिकल्याचा उपयोग घरास व्हावा, ह्याहून शिक्षणाचे दुसरे सार्थक ते कोणते?